माडावरचा तारा

मार्था आत्या या नाताळाला मिरजेहून आली ती बक्कल लावूनच. एरवी ते तिच्या ट्रंकेत तळाशी, रुमालात गुंडाळलेलं असायचं. या वेळी थेट कमरेला. आंबा घाटाची सगळी वळणं पोटात घेऊन आत्या एस.टी.तून उतरली तेव्हा साडी चुरगळलेली, अंबाडा सुटलेला, पण पट्ट्यावरचं ते चांदीचं बक्कल असं लखलखत होतं की स्टँडवरचा हमाल न विचारताच म्हणाला, "सिस्टर, बॅग द्या."

"बघून घे," आत्या शुलूला म्हणाली. "माझ्या कमरेला ह्याचा हा शेवटचा प्रवास. नाताळची उपासना झाली की सगळ्यांसमोर तुझ्या हातात."

शुलमिथ साळवीने, म्हणजे आमच्या शुलूने, तिथल्या तिथे अशी गिरकी घेतली की हमालाच्या डोक्यावरची बॅग पडता पडता राहिली.

बक्कल मूळ आनंदीबाईचं, शुलूच्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, आईचं. दुष्काळात अनाथ झालेल्या त्या पोरीला मिशनच्या मडमेने नर्स केलं आणि आपल्या कमरेचं बक्कल तिच्या कमरेला लावलं, ही गोष्ट साळव्यांच्या घरातलं तान्हं मूलही झोपेत सांगेल. आनंदीबाईनंतर आजी, आजीनंतर मार्था आत्या. आता शुलू. मे महिन्यात आत्याने विचारलं आणि शुलूने ताडकन "हो!" म्हटलं. म्हणजे दहावी झाली की मिरज, आत्याकडे राहून बारावी, मग नर्सिंग. तिने हो म्हटल्यावर आईने डोळे पुसले, आप्पांनी प्रार्थना केली, सदूकाकाने आंब्याची आख्खी पेटी फोडली. एवढी मजा आल्यावर नाही कोण म्हणेल?

आणि शुलूला हल्ली नाही म्हणण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ऑगस्टात वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, की साळव्यांच्या शुलूला जमणार नाही असं काम अजून रत्नागिरीत पैदा व्हायचंय.

फक्त एक कुसळ टोचत होतं. आत्या म्हणाली होती, "नुसती हौस कामाची नाही बघ. पाचारण व्हावं लागतं. प्रभू हाक मारतो. मला मारली होती की." तेव्हापासून शुलू कान देऊन होती. दात घासताना, बीजगणित सोडवताना, मांडवीच्या धक्क्यावर एकटी बसून. समुद्र ऐकू आला, रिक्षा ऐकू आल्या, हाक काही आली नाही. येईल, तिने स्वतःला सांगितलं. नाताळात प्रभूलाही कामं असतात.

*

सन दोन हजारचा तो डिसेंबर म्हणजे सगळ्यांचीच धांदल. इकडे नाताळ, तिकडे दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे अहमदचाचांच्या घरात रमजानचे शेवटचे रोजे. चाचा मस्कतला, घरात मरियमचाची आणि तिची लेक झारा. शनिवारी दुपारी साळव्यांच्या अंगणात करंज्या तळल्या जात होत्या, पण चाचीकडे जायची ताटली दुरडीखाली झाकून ठेवलेली. संध्याकाळी मशिदीच्या मिनारावर रोजा सुटल्याचा हिरवा दिवा लागला की मगच ती गडगा ओलांडणार.

अंगणातल्या उंच माडावर लवू चढला होता. लवू पाडेली. वाडीतल्या सगळ्या माडांचे नारळ तोच पाडायचा, आणि शुलूच्या जन्माआधीपासून नाताळचा तारा माडाला बांधायचं कामही त्याचंच. कामट्यांचा, पतंगी कागदाचा, पोटात बल्ब असलेला हा मोठा तारा. लवू जन्माचा बहिरा नि मुका. त्याला काम सांगायची रीत एकच: वर बोट करायचं, मग चहाचा कप दाखवायचा.

"ह्या बाजूला रे, ओटीकडे तोंड कर!" आप्पा खालून हात हलवत होते. "तिकडे नको, इकडे!" लवूने दरवर्षीसारखा तारा ओटीकडे वळवून सुंभाने करकचून बांधला, सरसर उतरला, चहा घेतला आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसला.

तिथेच उद्याच्या नाटकाची तालीम चालली होती.

साळव्यांचं नाटक म्हणजे चर्चमधला मुख्य पदार्थ. मेंढपाळ वगैरे संडेस्कूलची पोरं करायची, पण सुरुवातीचा जखऱ्या याजकाचा प्रवेश सदूकाकाचाच. देवदूत येऊन सांगतो, तुला म्हातारपणी मुलगा होईल. जखऱ्याचा विश्वास बसत नाही, म्हणून त्याची वाचा जाते. वाचा गेली की सदूकाका सुटायचा. वर्षभर पोस्टात शिक्के मारणारा हा माणूस त्या दिवशी असं तोंड वाकडं करायचा, डोळे असे फिरवायचा, की मागच्या बाकावरची माणसं पुढच्या बाकावर कोसळायची. लोक पाळकसाहेबांचा उपदेश विसरत, सदूकाकाचा जखऱ्या विसरत नसत.

शुलू स्टुलावर उभी. गब्रीएल देवदूत. एवढा आवाज दुसऱ्या कोणाला होता?

"जखऱ्या! तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीस, म्हणून हे होईपर्यंत तू मुका राहशील!"

"ब... ब्ब... ब्याँ!" सदूकाकाने जीभ बाहेर काढली, दोन्ही हात डोक्यावरून फिरवले, मांडी थोपटली. "आं! आं! ब्बे!"

"काय म्हणता हो? बोकड पायजे?" जखऱ्याची बायको अलीशिबा झालेली काकू, पोळपाटावरूनच.

अंगण हसून लोटपोट. आई कढईशेजारीच वाकली. आत्यासुद्धा तोंडाला पदर लावून हलत होती. आणि शुलू स्टुलावर पोट धरून, सगळ्यात मोठ्याने.

तेव्हा तिला झारा दिसली.

चकल्यांचा सोऱ्या परत द्यायला आली होती. सगळे हसताहेत म्हणून तीही हसू लागली होती, काय झालं ते बघायला मान पुढे काढून. मग तिने सदूकाकाचं तोंड पाहिलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने सोऱ्या जपून पायरीवर ठेवला, लवूच्या शेजारी, आणि चालू लागली.

लवू मात्र बसूनच होता. तो हसत नव्हता. चहा पीत होता. शुलूला वाटलं, हा दरवर्षी इथे बसतो आणि आपण कधी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"शुलू! अगं, तुझं वाक्य!" काकू ओरडली. पण गब्रीएल एका उडीत स्टुलावरून खाली आणि दुसऱ्या उडीत अंगणाबाहेर.

*

झाराला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चाचीने तिला शाळेत बसवून पाहिलं होतं. तिथे ती भिंतीकडे बघत बसायची, तेव्हा घरी आणली. शुलू आणि झारा चिऱ्याच्या एका गडग्याच्या दोन बाजूंना वाढल्या, आणि त्या गडग्यावर बसूनच त्यांनी हातांची एक बोली तयार केली होती. त्यात सगळ्यांना नावं होती. सदूकाका म्हणजे तळव्यावर ठपाठप शिक्का. आत्या म्हणजे पोटापाशी जुळवलेल्या दोन मुठी, बक्कल. आणि शुलू म्हणजे तोंडापाशी न थांबता उघडझाप करणारी बोटं. त्यावरून एकदा भांडणही झालं होतं, पण नाव बदललं नाही.

झारा गडग्यापलीकडे फणसाखाली उभी होती. शुलू समोर गेल्यावर तिचे हात झराझरा चालू लागले.

वाडीतली पोरं. माझ्या मागून चालतात. तोंड असं करतात. जीभ अशी काढतात. शिक्काही तसाच.

मग झाराने तोंडापाशी बोटं फडफडवली, पोट धरलं आणि हात आभाळाएवढे पसरले. तू सगळ्यात जास्त हसलीस.

शुलूने हातांनी जमेल तशी सगळी गोष्टच सांगितली. म्हातारा. देऊळ. धूप. मोठा उजेड, मी. बाळ येणार! म्हातारा म्हणतो, ह्या वयात? मग ओठांवर कुलूप.

झाराने नाक ओढलं. भुवया उंचावल्या. बरं. मग त्याला लोकांना सांगायचं काय होतं?

खरंच की. सदूकाकाच्या जखऱ्याला आजवर कुणाला काही सांगायचंच नव्हतं. त्याला फक्त हसवायचं होतं.

झाराने डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि दाखवलं. तोंडाला तिने हातच लावला नाही. आधी नुसते डोळे, फार उजेड पाहून आल्यासारखे. मग हात वर गेले आणि तो उजेड केवढा होता ते मोजू लागले. मापात बसेना, तेव्हा परत खाली आले. मग ती जवळच्या फणसाला, गडग्याला, शुलूला, एकेकाला दंडाला धरून सांगू लागली: ऐका, ऐका ना. कुणी ऐकेना. शेवटी तिने हात कुशीत घेतले, आणि त्या रिकाम्या हातांत एवढंसं बाळ होतं. शुलूने शपथेवर सांगितलं असतं, होतं.

तिने झाराचं मनगट धरलं आणि तिला ओढतच अंगणात आणली.

*

"सदूकाका, तुमचा जखऱ्या साफ चुकलाय!"

कढईतली करंजी उलटायची राहून गेली.

"चुकलाय?" काकाने डोक्याचा पंचा काढला. "अगो, तुझा बाप अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून मी हा जखऱ्या करतोय."

"तेव्हापासून चुकलाय."

"बघा, बघा तुमची लेक!"

"शुलू, मोठ्यांशी असं बोलतात?" आई म्हणाली, पण तिची नजर झाराच्या सुजलेल्या डोळ्यांवर होती, आणि हातातली करंजी तिने पुन्हा परातीत ठेवली.

"लोकं वर्षभर वाट बघतात ह्यांच्या ब्याँ-ब्याँची," काकू नवऱ्याच्या मदतीला धावली. "आता काय तिथे रडायचं? नाताळात?"

"झाराला रडू आलं ते चालतं?"

"आई गं," मार्था आत्या हळहळली. "बिचारी. मला तर नेहमी दया येते हिची. सदू, राहू दे की ह्या वर्षी. नाटकच नको."

"दया नको, आत्या! आणि नाटक पाहिजेच. काकांना झारा शिकवेल."

"कोण?" काका, काकू आणि आत्या तिघंही एका सुरात म्हणाली. तिघांचं एकमत झालेलं शुलूने तरी प्रथमच पाहिलं.

तेवढ्यात गडग्यावरून मरियमचाचीचा आवाज आला. "काय गो शुलू, माजी पोर रडत का आली नि परत हिकडे का पळाली? काय चाललंय तुमचं?" चाची डोक्यावरची ओढणी सावरत अंगणात उतरली. शुलूने एका दमात सांगून टाकलं. चाचीने सदूकाकाकडे असं पाहिलं की काका पंचा पिळायला लागला.

"झकरिया नबी?" चाची म्हणाली. "अरे सदूभाऊ, ते आमच्यातपण हायत. बीबी मरियमला तेंनीच सांभाळली. तेंची जबान बंद झाली होती, तरी इशाऱ्यांनी लोकांना सांगत होते, अल्लाचं नाव घ्या म्हणून. आणि तुमी तेंना बोकड मागायला लावता?"

"मी... ते ही म्हणते, बोकड."

"वा! आता माझ्यावर ढकला!" काकू क्षणात पक्ष बदलून मोकळी झाली. "मी आधीपासून सांगत होते, जरा सभ्य करा."

आप्पा इतका वेळ ओटीवर सुपारी कातरत होते. निवृत्त मास्तर. बोलायच्या आधी अडकित्ता खाली ठेवायची त्यांची सवय. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सदू, शुभवर्तमानात पुढे काय आहे? बाळाचं नाव काय ठेवायचं, हे शेजाऱ्यांनी जखऱ्याला कसं विचारलं?"

"कसं म्हणजे? विचारलं."

"खुणा करून विचारलं. सगळा शेजार हात हलवायला लागला. मी इतक्यांदा वाचलंय, पण माझ्याही डोक्यात शिरलं नाही. आपण एकट्या जखऱ्याला हात हलवायला लावले नि हसत बसलो."

सदूकाकाने पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला.

"ठीकाय. शिकवू दे. पण एकही माणूस हसला नाही तर मला बोलायचं नाही."

"एक सांगते," चाची म्हणाली. "आमच्यात नबीचं सोंग आणत नाय. माजी पोर तिथे उभी राहणार नाय. सोंग तुमचं, हात तेवढे तिचे."

मग मिनारावर हिरवा दिवा लागेपर्यंत अंगणात जे चाललं ते नाटकापेक्षा भारी होतं. सदूकाकाचा हात उजेड दाखवायला उठायचा नि शिक्का मारल्यासारखा धाडकन खाली यायचा. झारा त्याच्या मनगटावर चापट मारायची. पोस्टातला सीनियर माणूस, पण कानकोंडा होऊन पुन्हा हात वर करायचा. "हिला सांग, माझा खांदा दुखतोय," तो शुलूला म्हणायचा. शुलू सांगायची. झारा उत्तर द्यायची. "ती म्हणते, म्हाताऱ्याचाही दुखत असेल."

*

रविवारी संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. देवदूताने वाचा काढून घेतली आणि पहिल्या बाकांवरून हसू फुटायला लागलं, सवयीने. सदूकाका वळला. तोंड सरळ. डोळ्यांत तो उजेड. हसू अर्ध्यावर अडकलं. मग तो खाली लोकांत उतरला, एकेकाला दंडाला धरून सांगू लागला, ऐका, ऐका ना, आणि ज्याला धरी तो माणूस नकळत आपलेही हात वर करी. शेवटी काकाने हात कुशीत घेतले तेव्हा बायकांच्या बाजूने एक मोठा हुंदका आला. तो काकूचा होता, जी त्या वेळी पडद्यामागे असायला हवी होती.

पुढच्या बाकावर झारा तोंडावर दोन्ही हात ठेवून बसली होती. चाचीने तिची पाठ थोपटली. "आता बरा केलान," ती शेजारच्या आईला म्हणाली.

नाटक संपल्यावर बाहेर चहा आणि केक. गब्रीएलचे पुठ्ठ्याचे पंख अजून पाठीला असलेली शुलू शाबासक्या गोळा करत फिरत होती, तेव्हा कुणीतरी तिच्या पंखाला धरून ओढलं. लवू होता. तो दरवर्षी यायचा, दाराशी उभा राहायचा, केक घेऊन जायचा. आज हातात केक नव्हता.

त्याने सदूकाकाकडे बोट केलं, मग कुशीतलं बाळ केलं. मग आपल्या दोन्ही मुठींनी हवेतला माड धरला, चढला, वर पोचून काहीतरी बांधलं. पाच बोटं चमकवली. तारा. मग तळवे उघडले आणि शुलूच्या तोंडाकडे बघत राहिला.

का?

शुलूला कळायला क्षणभर लागला. तिच्या जन्माआधीपासून हा माणूस जिवावर उदार होऊन तो तारा माडाच्या शेंड्याला बांधत होता, आणि तो कशासाठी हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आप्पांनी नाही, बाबांनी नाही, तिच्या स्वतःच्या एवढ्या मोठ्या आवाजानेही नाही. ओटीकडे, रस्त्याकडे नको, एवढंच सगळ्यांनी सांगितलं.

ती चर्चच्या पायरीवर बसली, लवूला शेजारी बसवलं, झाराला बोलावलं. आणि सांगायला लागली. पोटुशी बाई, लांबची वाट, दमलेलं गाढव. घरोघर दार ठोठावलं, जागा नाही. दार बंद झालं तेव्हा लवूने जोरजोरात मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ते त्याला माहीत होतं. गोठा. बाळ. ते कुणाला कळलं आधी? गुराख्यांना, रात्री राखण करणाऱ्यांना. लवू खुश झाला, त्याच्या घरी पाच शेळ्या होत्या. जिथे शुलूचे हात अडत तिथे झाराचे पुढे होत. मग तारा. लांबची, ओळखीपाळखीची नसलेली माणसं, त्यांना रस्ता माहीत नाही. वर बघतात. तारा. चालतात. पुन्हा बघतात. तारा. आणि पोचतात.

लवूने तिचे हात धरून थांबवले. पुन्हा, म्हणाला. तारा, चालणं, पोचणं. पुन्हा. तिने तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला आणि घशातून एक मोठा, खरखरीत, आनंदाचा आवाज काढला. चहा पिणारे सगळे वळून बघायला लागले. लवू उठला, केक घेतला, दोन तुकडे घेतले, आणि झपाझप निघून गेला.

शुलू पायरीवरच बसून राहिली. मे महिन्यापासून ती कान टवकारून होती. आत्ता तिच्या लक्षात आलं, की गेला कितीतरी वेळ तिने काही ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता. आणि तिच्या मनात असं काही गोड, भीतीदायक, पक्कं बसलं होतं की ते हलवायला गेलं तरी हलत नव्हतं.

समोर मार्था आत्या उभी होती. हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभी होती कोण जाणे, चहावर साय धरली होती.

"आत्या," शुलू म्हणाली, "मला बक्कल नको."

"काय म्हणालीस?"

"मी नर्स नाही होणार. मला ह्यांना शिकवायचंय. झाराला, आणि तिच्यासारखी असतील त्यांना. त्याचं शिक्षण असतं ना काहीतरी?"

"असतं. बघितल्यात मी तसं शिकवणाऱ्या बायका." आत्या पायरीवर बसली, पंखापासून जरा लांब. "पण एका संध्याकाळी ठरवतात होय गं? मे महिन्यात हो म्हणालीस. उद्या सगळ्या मंडळीसमोर द्यायचं ठरलंय. पाळकसाहेबांना सांगितलंय मी."

"तेव्हा मला सगळेच खुश झालेले आवडले होते."

"आणि आता?"

"आता तुम्ही खुश नाही, आणि तरी मला हेच करायचंय." शुलूचा आवाज एवढा लहान झाला होता की तिचा तिलाच ओळखू येईना. "म्हणूनच वाटतं, की खरं असेल."

आनंदीबाई, आजी आणि ती स्वतः, अशी तीन बायकांची ओळ होती आणि ती ह्या पायरीवर थांबत होती. तिने कमरेचं बक्कल सोडलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. चेन ओढल्याचा आवाज शुलूने ऐकला. मग आत्याने थंड झालेला चहा तिच्या हातात दिला. "पी. वाया घालवू नकोस."

*

नाताळच्या सकाळी साळव्यांच्या घरात इस्त्री, पावडर, हरवलेला मोजा आणि "उशीर झाला, उशीर झाला" यांचा एकच गोंधळ असतो. त्या गोंधळात आत्या कमरेला बक्कल न लावताच तयार झाली. सगळ्यांना कळलं होतं, कारण शुलूच्या आईला कळलं म्हणजे काकूला कळलंच. काकू आत्याच्या बाजूने, सदूकाका अचानक शुलूच्या बाजूने, आणि आई दोघींच्या मध्ये साडीच्या निऱ्या घालत. आप्पा म्हणाले, "उपासनेआधी कोणी कोणाशी भांडायचं नाही. नंतर बिर्याणी आहे, तेव्हा भांडा."

इतक्यात अंगणातून बाबांची हाक आली. "अरे, हा काय करतोय? लवू! अरे लवू!"

सगळे ओटीवर धावले. लवू माडाच्या शेंड्यावर होता. कोणी बोलावलेलं नसताना, कोणी चहाचा कप न दाखवता. तारा त्याने सोडला होता.

"काढतोय की काय मेला? आज तर नाताळ!" काकू किंचाळली.

पण लवू तारा काढत नव्हता. त्याने तो हळूच फिरवला, ओटीकडून सगळा पाठमोरा केला, माडाच्या पलीकडच्या अंगाला नेला आणि खाली राजिवड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बांधला. सुंभाच्या दोन गाठी. ओढून पाहिलं. मग खाली बघितलं, शुलूला शोधलं, आणि एका हाताने माड धरून दुसऱ्या हाताने सांगितलं: लांबची माणसं. बघतील. पोचतील.

आप्पांनी चष्मा काढला. "खरं आहे बाबा," ते हळूच म्हणाले. "आम्हाला तर घर माहीतच होतं."

आत्या पायऱ्या उतरून अंगणात गेली. माडाखाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग मागे न बघता म्हणाली, "शुलू, शाब्बास कसं म्हणतात गं?"

शुलूने ते गडग्यावर चढून बसलेल्या झाराला खुणेने विचारलं, तशी झारा उतरून पुढे आली. तिने छातीवर मूठ ठेवली आणि ती फुलासारखी उघडून पुढे केली. आत्याने ते निरखून पाहिलं, इंजेक्शन भरताना बघतात तसं. मग मान वर करून, ताठ उभं राहून, मिरजेच्या दवाखान्यातल्या सिस्टर मार्था साळवी यांनी लवूला शाब्बास म्हटलं. एकदा. आणि नीट जमलं नाही असं वाटून पुन्हा एकदा.

लवूचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरातल्या एका मोठ्या माणसाने त्याच्याशी त्याच्या हातांत बोलायला सुरुवात केली होती. आता उत्तर तर द्यायलाच हवं, आणि उत्तर काही एका हाताचं नव्हतं. लवूने पायांनी माडाला मिठी मारली आणि दोन्ही हात सोडले.

"अरे धर! धर मेल्या! पडशील!" अख्खं घर ओरडलं. सदूकाका झोळी करून धावला, काकूने डोळे मिटले, चाची गडग्यापलीकडून "या अल्ला" म्हणाली. लवूला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो आभाळाला टेकून दोन्ही हातांनी भरभर, खुशीत बोलत होता.

"काय म्हणतो गं?" आत्याने शुलूचा हात घट्ट पकडला होता. "काय म्हणतो सांग की लवकर!"

"दोन मुठी पोटापाशी, ते तुमचं नाव, आत्या," शुलू हसत, रडत, ओरडत सांगू लागली. "झाराकडून शिकलाय वाटतं. तो म्हणतोय, बक्कल, तुमचं बक्कल कुठे गेलं?"